‘ट्रिस्ट’ची चिठ्ठी : बँकेतल्या एका क्लार्कचा इंग्रजी शब्दांचा अभ्यास

पार्श्वभूमी

सुनंदाताई (नाव बदललं आहे, गावही सांगत नाही) पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत क्लार्क. 2022 च्या जूनमध्ये त्या माझ्याकडे आल्या तेव्हा वय 37, नोकरीला तेरा वर्षं झालेली. काउंटर, सोनेतारण, लॉकर, सगळी टेबलं फिरून झाली होती. अधिकारीपदासाठीच्या खात्यांतर्गत परीक्षेला एकदा बसल्या होत्या आणि इंग्रजीत अडकल्या होत्या. उताऱ्यावरचे प्रश्न आणि एक कार्यालयीन पत्र यांनी घात केला होता. हिशेब, नियम, बँकिंग यांत मात्र त्या पहिल्या पाचांत.

शिक्षण मराठी माध्यमातलं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली, तेव्हा ताई दहावीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांची एबीसीडी पाचवीतली. ‘माझं इंग्रजी व्हाउचरपुरतं आहे मॅडम,’ असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. संध्याकाळी घरी दोन-चार जण येतात. त्यांतल्या ह्या एक.

हे प्रकरण लिहून ठेवण्याचं कारण त्यांचं यश नाही. मी निवडलेली पद्धत मध्यावर चांगलीच फसली होती. ती का फसली ते मला उशिरा कळलं.

अडचण नेमकी कुठे होती

ताईंनी सोबत दोनशेपानी वही आणली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अक्षर मोत्यासारखं. दीड हजारांवर शब्द असतील. मी मधलंच एक पान उघडलं. अबँडन : त्याग करणे. रिनाउन्स : त्याग करणे. रिलिंक्विश : त्याग करणे. सॅक्रिफाइस : त्याग करणे. फोरसेक : त्याग करणे.

‘खातेदाराने लॉकर सोडून दिला’ हे इंग्रजीत सांगा म्हटलं. ताईंनी जरा विचार करून ‘सॅक्रिफाइस’ लावला. लॉकरचं बलिदान! आम्ही दोघी हसलो, पण चूक त्यांची नव्हती. पाचही शब्दांपुढे एकच मराठी शब्द लिहिलेला असेल तर माणूस निवडणार कशाच्या आधारावर? वहीतला प्रत्येक अर्थ सुटा घेतला तर बरोबर होता. पण शब्दाशब्दांमधली कुंपणं त्या वहीत कुठेच नव्हती.

दुसरी अडचण विसरण्याची. ‘सोमवारी पाठ केलेलं शनिवारी कोरं,’ हे त्यांचेच शब्द. हर्मन एबिंगहॉस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की निरर्थक अक्षरसमूह पाठ केले तर पहिल्या काही तासांतच त्यांतले बरेचसे उडून जातात. ताईंची वही म्हणजे जवळजवळ तसलीच यादी होती. फोरसेक हा शब्द त्यांना कधी कोणाच्या तोंडून ऐकू आलेला नव्हता, कुठल्या कागदावर भेटलेला नव्हता. त्याच्याशी ओळख नव्हती, नुसता पत्ता लिहून ठेवलेला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ताईंचाच : वही पुढे चालू ठेवायची, फक्त रोज दहा शब्दांऐवजी वीस. तो मी लगेच बाजूला ठेवला.

दुसरा, रोज इंग्रजी वर्तमानपत्र. हा सल्ला सगळेच देतात, मीही वर्षानुवर्षं दिला आहे. त्या दिवशी अग्रलेख समोर ठेवून नकळणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढायला सांगितली. पहिल्या शंभरेक शब्दांत अकरा रेघा. आधाराशिवाय मजकूर नीट समजायचा तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात, असा हू आणि नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. ताई त्यापासून लांब होत्या. त्या अग्रलेखाला दीड तास लागला असता आणि हाती वैताग आला असता. वर्तमानपत्र नंतरसाठी ठेवलं.

तिसरा पर्याय स्पोकन इंग्लिशचा क्लास. त्यासाठी संध्याकाळी सहा ते आठ घराबाहेर राहणं त्यांना जमणार नव्हतं. घरी सासूबाई आजारी होत्या, मुलगा आठवीत. इथे चर्चा संपली.

चौथा, मराठी अर्थ सोडून इंग्रजीतच व्याख्या वाचायच्या. यात एक सापळा आहे. सॅम्युएल जॉन्सनचा 1755 चा कोश प्रसिद्ध आहे, त्यात चाळीस हजारांवर शब्द आहेत. त्याने ‘नेटवर्क’ म्हणजे जाळं या साध्या शब्दाची व्याख्या करताना रेटिक्युलेटेड, डेकसेटेड, इंटरस्टिसेस असे तीन शब्द वापरले. जाळं समजायला गेलेला माणूस जाळ्यातच अडकायचा. विद्यार्थ्यांसाठीचे कोश मात्र वेगळे असतात. लाँगमनने 1978 मध्ये काढलेल्या कोशात सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत बसवल्या. 1987 च्या कोबिल्ड कोशात तर अख्ख्या वाक्यातच अर्थ सांगितला : तुम्ही अमुक करता तेव्हा तमुक होतं, अशा थाटात. ताईंना ते दोन हजारांतले बहुतेक शब्द येत होते. म्हणजे कुंपणं घालायची सोय झाली.

पाचवा पर्याय मला त्यांच्याशी बोलताना सुचला. शाळेतलं काय काय पाठ आहे असं सहज विचारलं, तर ताईंनी मनाचे श्लोक सुरू केले आणि वीसेक श्लोक न अडखळता म्हटले. शाळा सुटून वीस वर्षं झालेली. ‘शब्द राहत नाहीत’ म्हणणाऱ्या बाईच्या डोक्यात ओळीच्या ओळी शाबूत होत्या! मग शब्दही ओळीतूनच का देऊ नयेत? गाजलेली वाक्यं, भाषणांतली वचनं. जॉन्सनच्याच कोशात एक लाखावर अवतरणं आहेत. त्याची व्याख्या गोंधळात टाकते तेव्हा पुष्कळदा खालचं अवतरण हात धरून बाहेर काढतं.

निर्णय आणि सुरुवात

ठरलं ते असं. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. पुढच्या बाजूला गाजलेलं वाक्य, त्यात तो शब्द गाळलेला. मागे व्याख्या. ती कोशातून उतरवायची नाही. वाचून, कोश मिटून, स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत लिहायची. आठवड्याला तीन वाक्यं, त्यांतून आठ-दहा शब्द. कार्डं मिठाईच्या खोक्यात, खोक्याचे पाच कप्पे. आलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं ते परत पहिल्यात. ही सेबास्टियन लाइटनर यांची 1970 च्या दशकातली युक्ती. मोबाइलवर यासाठी ॲप आहेत, पण ताईंना मोबाइल हातात घेतला की बँकेच्या ग्रुपवरचे निरोपच दिसत, म्हणून खोका.

वाक्यं कोणती घ्यायची? इथे मी एक गोष्ट बरोबर केली असं अजूनही वाटतं. ज्यांचा आशय ताईंना मराठीतून आधीच ठाऊक होता अशीच वाक्यं निवडली.

पहिलं बाबासाहेबांचं. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत ते म्हणाले होते की 26 जानेवारी 1950 ला आपण ‘अ लाइफ ऑफ काँट्रडिक्शन्स’मध्ये प्रवेश करणार आहोत : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. हा मुद्दा ताईंनी मराठीत दहा वेळा ऐकला होता. अर्थ घरात होता, फक्त इंग्रजी शब्द आत यायचा बाकी होता. त्याच भाषणात संविधानिक मार्ग खुले असताना इतर मार्ग वापरणं म्हणजे ‘ग्रामर ऑफ अनार्की’ आहे आणि ते जितक्या लवकर ‘अबँडन’ होतील तितकं बरं, असंही वाक्य आहे. त्यागाच्या पाच जुळ्यांपैकी एक तिथे वेगळं झालं. वाईट वाट कायमची सोडणं म्हणजे अबँडन. तिथे सॅक्रिफाइस चालणारच नाही, कारण बलिदान मोलाच्या वस्तूचं असतं. हे ताईंनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

लिंकनच्या 1863 च्या गेटिसबर्गच्या भाषणातलं ‘लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी’ सगळ्यांना पाठ असतं, पण वाक्याची शेपटी कोणी म्हणत नाही : ‘शॅल नॉट पेरिश फ्रॉम द अर्थ’. पेरिश ऐकताच ताई उद्गारल्या, ‘म्हणजे पेरिशेबल गुड्समधलं?’ नाशवंत मालावर कर्ज देताना काय पाहायचं हे त्या रोज सांगत होत्या, पण त्या शब्दाच्या पोटात क्रियापद आहे हे त्यांना कधी दिसलं नव्हतं.

एक अवतरण तर त्यांच्याच गल्ल्यात होतं. शंभराच्या नोटेवर गव्हर्नर ‘आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज’ असं लिहून देतात. तेरा वर्षं नोटा मोजल्या, वाक्य एकदाही वाचलं नव्हतं. त्या आठवड्यात बेअरर, बेअर, अनबेअरेबल अशी तीन कार्डं झाली.

सगळ्यांत रंगली ती नेहरूंची ओळ. 14 ऑगस्ट 1947 ची मध्यरात्र. ‘लाँग यिअर्स अगो वुई मेड अ ट्रिस्ट विथ डेस्टिनी, अँड नाउ द टाइम कम्स व्हेन वुई शॅल रिडीम अवर प्लेज.’ ताई थांबल्या. ‘मॅडम, हे सोनेतारण आहे. प्लेज केलेलं सोनं ग्राहक पैसे भरून रिडीम करतो. आमच्या रजिस्टरला हेच शब्द आहेत.’ तीस वर्षांहून जास्त काळ मी हे वाक्य शिकवलं, पण त्यात गहाण ठेवणं आणि सोडवणं आहे हे मला वर्गात कधी सुचलं नाही. दिलेला शब्द म्हणजे जणू गहाण पडलेला दागिना, तो आता सोडवायचा. प्लेज आणि रिडीम हे शब्द ताई जन्मात विसरणार नाहीत. दुर्दैवाने त्याच वाक्यात ट्रिस्टही होता.

मधलं वळण : व्हॉट्सॲपवरचे गांधीजी

हुरूप आल्यावर ताई स्वतः वाक्यं गोळा करू लागल्या. एका सकाळी गांधीजींच्या नावावर फिरणारं ‘बी द चेंज’वालं वाक्य घेऊन आल्या. गांधीजींच्या लेखनात ते त्या शब्दांत सापडत नाही. 1913 मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांनी लिहिलं होतं त्याचा आशय असा की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या ‘टेंडन्सीज’ही बदलतील.

शब्द शिकण्यापुरतं वाक्य खरं की खोटं याने काय बिघडतं, असा प्रश्न ताईंनी विचारला. मला तो तेव्हा बिनतोड वाटला. मग दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली. बनावट वाक्यात शिकण्याजोगा एकही नवा शब्द नव्हता. खऱ्यात टेंडन्सी होता. फिरून फिरून गुळगुळीत झालेल्या वचनांचं हे असंच होतं, अवघड शब्द आधी झडतात. शिवाय मुलाखतीत कोणी ‘हे कुठे म्हटलंय?’ विचारलं तर काय, हाही प्रश्न होताच. तेव्हापासून नियम झाला की कार्डावर कोण, कुठे, केव्हा लिहिता आलं नाही तर ते वाक्य घ्यायचं नाही.

घोटाळा

नोव्हेंबरमध्ये शाखेतल्या एका मोठ्या कर्जदाराकडे ताई वसुलीसंबंधी जाऊन आल्या. विभागीय कार्यालयाला कळवायचा मसुदा साहेबांनी मुद्दाम त्यांनाच करायला सांगितला, सराव म्हणून. मसुद्यात ओळ होती : ‘आय हॅड अ ट्रिस्ट विथ द प्रोप्रायटर ॲट हिज शॉप ऑन सॅटर्डे.’

ट्रिस्ट म्हणजे आजच्या इंग्रजीत प्रेमिकांची चोरून ठरवलेली भेट. साहेब भले, त्यांनी दार लावून घेऊन सांगितलं. पण हसू त्यांना आवरलं नाही आणि दार पुरतं लागत नव्हतं. संध्याकाळपर्यंत शाखाभर झालं. ताई तीन आठवडे माझ्याकडे आल्या नाहीत. आल्या तेव्हा खोका टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘आता व्हाउचरपुरतंच बरं.’

मी ट्रिस्टचं कार्ड काढून पाहिलं. मागे त्यांच्या हातची व्याख्या होती : आधी ठरवलेली भेट. खाली माझी बरोबरची खूण. नेहरूंच्या वाक्यात तो जुना, भारदस्त अर्थ चालतो आणि त्या वाक्यापुरती व्याख्या चूक नव्हती, म्हणून मी ती पास केली होती. कोशातला पहिला अर्थ सांगायला मला कदाचित संकोच वाटला असेल. काही असो, फजिती त्यांची झाली, पण सही माझी होती.

पुन्हा निर्णय

आता तीन वाटा होत्या. अवतरणं बंद करून नुसत्या सोप्या व्याख्यांवर यायचं. किंवा भाषणं सोडून बँकेच्या पत्रांतलीच वाक्यं पाठ करायची. किंवा आहे त्यात भर घालायची.

पहिल्या वाटेने कार्डं पुन्हा मुकी झाली असती. दुसरी व्यवहाराची होती, आणि ताईंचा कल तिकडेच होता. पण आम्ही खोक्यातली चाळीस कार्डं काढून बसलो. अर्थ बहुतेक सगळ्यांचे आले. स्वतःचं वाक्य करा म्हटल्यावर मात्र निम्म्यांतही धड वाक्य येईना. जे येई त्याला भाषणाचा सूर असे. खातेदाराच्या अर्जावर एक पत्ता आणि आधारवर दुसरा, याला त्यांनी काँट्रडिक्शन म्हटलं. अर्थाने चूक नाही. पण बँकेत त्याला डिस्क्रेपन्सी म्हणतात, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. सभेत बोलायचे शब्द त्या काउंटरवर आणत होत्या, कारण मी त्यांना सभेपलीकडे कुठे नेलंच नव्हतं. व्याख्येतून शब्दाची हद्द कळली होती, अवतरणामुळे तो लक्षात राहिला होता. तो कोणाच्या पंगतीत बसतो हे कार्डावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून कार्डावर तिसरी ओळ आली. तिला ताईंनीच नाव दिलं, ‘काउंटरची ओळ’. त्या आठवड्यात शाखेत खरोखर घडलेल्या गोष्टीवर त्या शब्दाचं एक साधं वाक्य करायचं. असं वाक्य होतच नसेल तर कार्डाच्या कोपऱ्यात लाल ठिपका : हा शब्द ओळखायचा, वापरायचा नाही. ट्रिस्टला पहिला लाल ठिपका मिळाला. डेस्टिनीलाही मिळाला. रिडीमला मिळाला नाही. त्याची काउंटरची ओळ त्यांनी डोळे मिटून लिहिली.

वेग निम्म्यावर आला, आठवड्याला चार-पाच शब्द. परीक्षा चार महिन्यांवर असताना वेग कमी करणं धाडसाचं होतं, आणि मी ते ठाम विश्वासाने केलं असं म्हणणार नाही. फेब्रुवारीत पुन्हा चाळीस कार्डं काढली तेव्हा अर्थ आला त्या बहुतेक शब्दांचं वाक्यही आलं, आणि वाक्यांत कर्जदार, पासबुक, लाइट गेलेली, एटीएम बंद पडलेलं असं सगळं होतं.

निकाल

मार्च 2023 मध्ये लेखी परीक्षेत ताई इंग्रजीसकट उत्तीर्ण झाल्या. मुलाखतीत अडल्या. पॅनेलवरच्या एकांनी बुडीत कर्जाबद्दल विचारलं, ताईंनी मुद्देसूद उत्तर दिलं, पण ‘डेट’ हा शब्द प्रत्येक वेळी ‘डेब्ट’ असा उच्चारला. समोरच्यांनी एकदा हळूच बरोबर उच्चार करून दाखवला, तेव्हा त्यांना कळलं आणि पुढचं बोलणंच बंद पडलं. नापास त्या एका ब मुळे झाल्या असं नाही, यादी लहान होती. पण खोक्यात डेटचं कार्ड होतं, तिन्ही ओळी बरोबर होत्या आणि शेवटच्या कप्प्यात पोचलेलं होतं.

पुढच्या वेळी, 2024 मध्ये, त्यांची निवड झाली. मधल्या वर्षात त्यांनी वर्तमानपत्र सुरू केलं होतं, साहेबांनी त्यांच्याकडून पत्रं लिहून घेतली होती आणि मुलगा घरी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागला होता. त्यात कार्डांचा वाटा किती हे वेगळं काढता येणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

काउंटरची ओळ पहिल्या दिवसापासून ठेवीन. ती घोटाळ्यानंतर सुचली हे मला अजून टोचतं, कारण वहीतल्या ‘त्यागा’च्या पानाने मला हेच सांगितलं होतं, मी त्यातलं अर्धंच ऐकलं.

स्वतःच्या शब्दांत व्याख्या लिहायला लावणं सोडणार नाही. फक्त ती तपासताना अवतरणातला अर्थ आणि आजचा रूढ अर्थ एकच आहे का, हे कोश उघडून पाहीन, आणि नसेल तर दोन्ही लिहायला लावीन, अर्थ कितीही अवघडवणारा असला तरी.

अवतरणांचं प्रमाणही बदलीन. सुरुवातीच्या कार्डांत जवळपास सगळी भाषणंच होती, कारण ती मला आवडतात. नोटेवरच्या ओळीसारखी आणखी शोधता आली असती. बसच्या तिकिटामागच्या, औषधाच्या वेष्टनावरच्या, चेकच्या पाठीवरच्या ओळी कोणी अवतरणं म्हणून पाठ करत नाही, पण पाठ होतात.

आणि आवाज. नऊ महिने आम्ही सगळं कागदावर केलं. नेहरूंच्या त्या भाषणाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, मोबाइलवर मिनिटात सापडतं. मी ते ताईंना ऐकवलं ते मुलाखतीनंतर. ट्रिस्टच्या त्याच वाक्यात पुढे ‘नॉट होली’ असे शब्द येतात. ऐकून झाल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते हे, की ‘होली’ म्हणजे होळी नाही ना, पूर्णपणे ना? सहा महिने त्यांनी तो शब्द मनात ‘व्होली’ असा वाचला होता.